समुद्रतळावरील युद्धनौकेच्या भेटीला : ‘ओरिस्कनी’ मोहिमेचे नियोजन

१७ मे २००६ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पेन्साकोला शहरासमोर, मेक्सिकोच्या आखातात, ‘यूएसएस ओरिस्कनी’ ही विमानवाहू युद्धनौका जाणीवपूर्वक बुडविण्यात आली. ठरविलेल्या जागी स्फोट घडवून तिच्यात पाणी घेण्यात आले आणि नऊशे फुटांहून अधिक लांबीचे हे अवाढव्य धूड अवघ्या ३७ मिनिटांत मागच्या बाजूने पाण्याखाली गेले. ते कलंडले नाही. तळावर सरळ उभे राहिले. माशांना व प्रवाळांना आसरा मिळावा म्हणून बुडविण्यात आलेले ते तोवरचे सर्वांत मोठे जहाज होते. ऑस्ट्रेलियातील ‘ग्रेट बॅरिअर रीफ’च्या नावावर कोटी करून पाणबुड्यांनी त्याचे नाव ‘ग्रेट कॅरिअर रीफ’ असे ठेवले. तेव्हापासून जगभरातील हौशी स्कूबा डायव्हर तेथे जात आहेत.

मराठी पर्यटकालाही आता स्कूबा डायव्हिंग अपरिचित राहिलेले नाही. मालवण, तारकर्ली वा गोव्याच्या किनाऱ्यावर प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटे पाण्याखाली जाऊन आलेली मंडळी आज प्रत्येक सोसायटीत भेटतात. अमेरिकेत शिकणारी वा नोकरी करणारी मुले आई-वडिलांना फ्लोरिडाला नेतात, तेव्हा अशा बुडालेल्या जहाजाचा विषय हमखास निघतो. मात्र मालवणची ती डुबकी आणि ‘ओरिस्कनी’ची भेट यांत मोठे अंतर आहे. येथे धोका शार्क माशांचा नसून खोलीचा आहे. या नौकेचा सर्वांत मोहक भाग हौशी पाणबुड्याच्या मर्यादेच्या जेमतेम चार-पाच मीटर खाली आहे. म्हणूनच कोठून परत फिरायचे याचा निर्णय किनाऱ्यावर, कागद-पेन्सिल घेऊन करावा लागतो. पाण्याखाली गेल्यावर तो करू म्हटले, तर बहुधा उशीर झालेला असतो.

नौकेचा पूर्वेतिहास

‘ओरिस्कनी’ ही ‘एसेक्स’ वर्गातील नौका. तिची बांधणी न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत १९४४ साली सुरू झाली. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये तिचे जलावतरण झाले. परंतु दुसरे महायुद्ध संपल्याने काम रेंगाळले आणि १९५० साली ती नौदलात दाखल झाली. कोरिया व व्हिएतनाम या दोन्ही युद्धांत तिने भाग घेतला. पुढे अमेरिकेचे सिनेटर आणि २००८ मधील अध्यक्षपदाचे उमेदवार झालेले जॉन मॅकेन २६ ऑक्टोबर १९६७ रोजी याच नौकेवरून विमान घेऊन निघाले होते. हनोईवर त्यांचे विमान पाडले गेले आणि ते युद्धकैदी झाले.

त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, २६ ऑक्टोबर १९६६ रोजी, नौकेवर भीषण आग लागली होती. मॅग्नेशियमच्या एका प्रकाशगोळ्याने पेट घेतला. नौकेच्या पुढील हँगरजवळ लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली आणि ४४ जण मृत्युमुखी पडले. बहुतेकांचा बळी ज्वाळांपेक्षा धुराने घेतला. १९७६ मध्ये नौका सेवेतून निवृत्त झाली. पुढे ती भंगारात काढण्याचा प्रयत्न फसला आणि अखेरीस तिला समुद्रतळी विसावा देण्याचे ठरले. तत्पूर्वी तेल, रंग आदी प्रदूषक पदार्थ काढण्याचे दीर्घ आणि खर्चिक काम करावे लागले.

खोलीचे तीन आकडे

नियोजनाची सुरुवात तीन आकड्यांपासून करावी. समुद्रतळ सुमारे २१२ फूट म्हणजे ६५ मीटर खोल आहे. विमाने ज्यावर उतरत ती सपाट धावपट्टी, म्हणजे फ्लाइट डेक, सुमारे १४५ फूट अर्थात ४४ मीटरवर आहे. डेकच्या कडेला उभ्या असलेल्या नियंत्रण मनोऱ्याचे टोक सुमारे ८० फूट म्हणजे २४ मीटरवर लागते. नौका बुडविली तेव्हा डेक सुमारे १३५ फुटांवर होता. २००८ साली आलेल्या ‘गुस्ताव्ह’ चक्रीवादळानंतर नौका तळात आणखी दहा फूट रुतली. जुन्या पुस्तकांत वा नकाशांत पूर्वीचे आकडे आढळतात. त्यांवर विसंबू नये.

आता हे आकडे डायव्हरच्या मर्यादांशी ताडून पाहावेत. प्राथमिक म्हणजे ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्रधारकास १८ मीटरपर्यंत जाण्याचा सल्ला दिला जातो. त्याला मनोऱ्याच्या टोकालाही स्पर्श करता येणार नाही. त्यापुढील ‘अॅडव्हान्स्ड’ प्रमाणपत्राची मर्यादा ३० मीटर आहे. खोल पाण्याचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्यास ४० मीटर, आणि हौशी डायव्हिंगची तीच अखेरची पायरी. डेक त्याही खाली आहे. तेथे जाण्यासाठी टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याचे, म्हणजे डीकॉम्प्रेशनचे, वेगळे तांत्रिक शिक्षण, अनेक सिलिंडर आणि बहुधा हेलियममिश्रित वायू आवश्यक असतो.

खरा मोह येथेच आहे. पाणी स्वच्छ असेल तर मनोऱ्याजवळ तरंगताना खालचा विस्तीर्ण डेक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. चार-पाच मीटर म्हणजे पोहण्याचे दोन-चार हात, असे वाटते. त्यातच साधारण ३० मीटरनंतर नायट्रोजनच्या प्रभावाने मद्याच्या अमलासारखी एक गुंगी येऊ लागते. तीत विवेक आधी जातो आणि आत्मविश्वास मात्र वाढतो. म्हणून खोलीची मर्यादा बोटीवर असतानाच जोडीदाराशी बोलून निश्चित करावी, पाटीवर लिहावी आणि डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये तिचा इशारा लावून ठेवावा.

हवेचा हिशेब

पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट, ४० मीटरवर पाचपट असतो. त्याच पटीत हवाही खर्च होते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा मनुष्य ३० मीटरवर ८० लिटर, तर ४० मीटरवर १०० लिटर खर्च करतो. नेहमीच्या अॅल्युमिनियमच्या सिलिंडरची क्षमता सुमारे ११ लिटर. २०० बार दाबाने भरल्यास त्यात २,२०० लिटर हवा मावते.

ही सर्व हवा आपली नसते. जोडीदाराचा रेग्युलेटर बिघडला, तर त्यालाही आपल्याच सिलिंडरमधून वर आणायचे असते. घाबरलेल्या अवस्थेत प्रत्येकी ३० लिटर, म्हणजे दोघे मिळून मिनिटाला ६० लिटर हवा घेतील असे धरू. ३० मीटरवर एक मिनिट गोंधळ निस्तरण्यात जाईल : २४० लिटर. मिनिटाला ९ मीटर या सुरक्षित गतीने वर येण्यास सव्वातीन मिनिटांहून थोडे अधिक लागतील : सुमारे ५०० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षा-थांबा : २७० लिटर. बेरीज १,०१० लिटर. याचा अर्थ, सिलिंडरमधील ९० बारहून अधिक हवा राखीव ठेवावी लागते. उरलेल्या ११९० लिटरमध्ये ३० मीटरवर जेमतेम १५ मिनिटे मिळतात आणि त्यांत खाली उतरण्याचा वेळही आला.

हाच हिशेब ४० मीटरसाठी केला, तर राखीव साठा १,३७० लिटरवर जातो आणि हाती उरतात केवळ आठ मिनिटे. त्यातील दोन-तीन मिनिटे उतरण्यातच संपतात. साध्या सिलिंडरवर खोल जाण्याचा आग्रह किती फोल आहे, हे या आकड्यांवरून कळते. आपला स्वतःचा हवेचा खर्च आधीच्या डुबक्यांमध्ये मोजून ठेवावा आणि येथे दिलेल्या २० लिटरच्या जागी तो आकडा घालून हे गणित पुन्हा करावे. बहुतेकांना उत्तर अपेक्षेहून लहान मिळते.

हवेप्रमाणे वेळेलाही मर्यादा आहे. ‘पाडी’ या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यानुसार, न थांबता वर येता यावे यासाठी पहिल्या डुबकीत १०० फुटांवर २० मिनिटे, तर १३० फुटांवर अवघी १० मिनिटे मिळतात. पहिल्या डुबकीचा नायट्रोजन शरीरात शिल्लक राहत असल्याने दुसऱ्या डुबकीत ही मुदत आणखी घटते. मध्ये किमान तासाभराची विश्रांती घ्यावी आणि दुसरी डुबकी पहिलीपेक्षा उथळ ठेवावी.

नायट्रॉक्स : उपयोग आणि अपाय

ज्या मिश्रणात प्राणवायूचे प्रमाण साध्या हवेतील २१ टक्क्यांपेक्षा जास्त असते, त्यास नायट्रॉक्स म्हणतात. त्यात नायट्रोजन कमी असल्याने मनोऱ्याच्या परिसरात अधिक वेळ थांबता येते आणि म्हणून अनेक डायव्हर ३२ टक्क्यांचे मिश्रण पसंत करतात. परंतु खोल दाबाखाली प्राणवायू विषारी ठरतो. त्याचा आंशिक दाब १.४ वातावरणाहून अधिक होऊ देऊ नये, असा दंडक आहे. या हिशेबाने ३२ टक्के मिश्रणाची मर्यादा ३३ मीटरवर संपते. तेच घेऊन कोणी डेकवर उतरला, तर दाब १.७ वर जातो. अशा वेळी कोणतीही पूर्वसूचना न मिळता झटका येऊ शकतो. तोंडातील रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो. वेळ वाढविणारा हा वायू खोली मात्र घटवितो, हे कधीही विसरू नये. नायट्रॉक्सचे प्रशिक्षण आधी घ्यावे आणि सिलिंडरमधील प्रमाण प्रत्येक वेळी स्वतः मोजून, त्यावर खुणेची पट्टी लावावी.

आत शिरावे काय?

उघडी दारे, जिने, खिडक्यांच्या रिकाम्या चौकटी पाहून आत डोकावण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. पण छताखाली गेलेल्या माणसाला सरळ वर येता येत नाही. पायातील फिनच्या एका फटक्याने आतला गाळ उठतो आणि समोरचा हातही दिसेनासा होतो. लोखंड वर्षागणिक गंजत असल्याने भिंती व छते ढासळण्याचा संभव असतो. ज्यांनी बुडालेल्या जहाजांचे विशेष प्रशिक्षण घेतले आहे, ज्यांच्याजवळ मार्गदर्शक दोरी, किमान दोन दिवे आणि हवेचा स्वतंत्र दुसरा साठा आहे, त्यांनीच आत शिरावे. हवेचा एक भाग जाण्यास, एक परतण्यास व एक संकटासाठी, हा त्यांचा किमान नियम. इतरांनी बाहेरूनच पाहावे. बाहेरही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. माशांचे थवे मनोऱ्याभोवती फिरत असतात. लायनफिश या विषारी काट्यांच्या माशापासून मात्र हात दूर ठेवावा. त्याचा काटा रुतल्यास, बोटीवर येताच तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून वैद्यकीय मदत घ्यावी.

ऋतू, बोट आणि परतीचे विमान

नौका किनाऱ्यापासून वीस मैलांहून अधिक दूर आहे. खुल्या समुद्रातील हा प्रवास हवामानावर पूर्णतः अवलंबून असतो. उन्हाळ्यात पाणी उबदार असते. पण तेथील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा आहे. बोट निघण्याच्या दिवशी फेरी रद्द होणे ही नित्याची बाब असल्याने एका डुबकीसाठी किमान दोन-तीन दिवस हाती ठेवावेत. फेरी रद्द झाल्यास पैशांचे काय, हे नोंदणी करतानाच विचारून घ्यावे. खोल पाण्यात तापमान अकस्मात उतरते. त्यामुळे वर उबदार वाटले तरी पुरेसा जाड पोशाख घ्यावा.

बोट निवडताना दरापेक्षा इतर प्रश्न महत्त्वाचे. आपत्कालीन प्राणवायू बोटीवर आहे काय? सर्व जण पाण्यात असताना बोटीवर कोण थांबते? वर आल्यावर हजेरी कशी घेतात? खाली-वर जाण्यासाठी नौकेला बांधलेली दोरी आहे काय? प्रवाह असेल तर ही दोरीच आधार. ती हातून निसटली तर पृष्ठभागावर सोडण्याचा रंगीत फुगा व शिट्टी प्रत्येकाजवळ असली पाहिजे. खुल्या समुद्रात तरंगणारे माणसाचे डोके बोटीवरून दिसत नाही.

भारतातून जाणाऱ्यांची मोठी चूक परतीच्या तिकिटात होते. शेवटची डुबकी सकाळी व विमान संध्याकाळी, असा बेत जीवघेणा ठरू शकतो. विमानात हवेचा दाब कमी असल्याने शरीरातील नायट्रोजनचे बुडबुडे होऊन ‘बेंड्स’ हा विकार जडण्याचा धोका असतो. एकाच साध्या डुबकीनंतर किमान १२ तास, अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास आणि डीकॉम्प्रेशन लागणाऱ्या डुबकीनंतर त्याहून बरेच अधिक थांबावे, असे ‘डायव्हर्स अॅलर्ट नेटवर्क’ या संस्थेचे मार्गदर्शन आहे. अखेरचा संपूर्ण दिवस किनाऱ्यावर घालविणे उत्तम. पेन्साकोलात नौदलाच्या विमानांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे; तो दिवस तेथे सत्कारणी लागतो.

प्रवासाच्या साध्या विमा पॉलिसीत स्कूबा डायव्हिंग पुष्कळदा वगळलेले असते अथवा ठरावीक खोलीपर्यंतच ग्राह्य धरलेले असते. बेंड्सच्या उपचारासाठी दाबकक्षात ठेवावे लागते आणि परदेशात तो खर्च सामान्य कुटुंबास न पेलणारा आहे. म्हणून डायव्हिंगचा स्वतंत्र विमा घ्यावा. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास डॉक्टरांचे लेखी प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच मिळवावे. बोटीत जागा मिळावी म्हणून अर्जात आजार लपविणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

पूर्वतयारी आणि पर्याय

किनाऱ्यावर पर्यटकांना घडविली जाणारी ओळखीची डुबकी म्हणजे प्रशिक्षण नव्हे. तिने कोणतेही प्रमाणपत्र मिळत नाही. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. अंदमान, गोवा, मुरुडेश्वरजवळील नेत्राणी या ठिकाणीही रीतसर अभ्यासक्रम करता येतात. प्राथमिक व पुढील प्रमाणपत्र, त्यानंतर वेगवेगळ्या समुद्रांत काही डझन डुबक्या, मग खोल पाण्याचे व नायट्रॉक्सचे शिक्षण, असा क्रम ठेवल्यास वर्ष-दोन वर्षे सहज लागतात. तो वेळ वाया जात नाही.

तेवढा अनुभव नसेल, तर उथळ पाण्यातील युद्धनौका निवडावी. ऑस्ट्रेलियात मूलूलाबा येथे २००५ साली बुडविलेली ‘एचएमएएस ब्रिस्बेन’ ही विनाशिका सुमारे २७ मीटर तळावर आहे आणि तिचे वरचे टोक पृष्ठभागापासून काही मीटरच खाली आहे. फ्लोरिडातच की लार्गोजवळ २००२ साली बुडविलेली ‘स्पीगेल ग्रोव्ह’ सुमारे ४० मीटर तळावर विसावली आहे. तिचा बराच भाग हौशी मर्यादेत पाहता येतो. जहाजाच्या कीर्तीपेक्षा आपल्या प्रमाणपत्रावरील आकडा पाहून स्थळ ठरवावे.

निघण्यापूर्वी तपासा

- कमाल खोली व परत फिरण्याचा दाब दोघांच्याही पाटीवर लिहिला आहे काय?
- डाइव्ह कॉम्प्युटर, त्याची बॅटरी व वायूचे प्रमाण तपासले काय?
- रंगीत फुगा, शिट्टी, दिवा व दोरी कापण्याचे हत्यार जवळ आहे काय?
- मागील सहा महिन्यांत खोल पाण्यात उतरला आहात काय? नसल्यास आधी एखादी सरावाची डुबकी घ्यावी.
- प्रमाणपत्र, डुबक्यांची नोंदवही, विमा व व्हिसाची कागदपत्रे सोबत आहेत काय?
- जोडीदाराने ‘परत फिरू’ अशी खूण केल्यास कारण न विचारता फिरायचे, हे ठरले आहे काय?

स्मृतींचा मान

बुडालेल्या सर्वच युद्धनौका पर्यटनासाठी नसतात. स्कॉटलंडजवळ स्कापा फ्लो येथे ऑक्टोबर १९३९ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडविलेल्या ‘रॉयल ओक’वर आठशेहून अधिक नौसैनिक मरण पावले. ती समाधी मानली जाते आणि तेथे हौशी डायव्हरांना मनाई आहे. ‘ओरिस्कनी’ रिकामी करून बुडविली असल्याने तेथे जाण्यास हरकत नाही. तरीही १९६६ च्या आगीत गेलेल्या ४४ जणांची ती अखेरची जागा होती, याचे भान ठेवावे. तेथून खिळाही उचलून आणू नये.

असा अनुभव पुढेमागे आपल्या किनाऱ्यावरही घेता यावा, यासाठी प्रयत्न झाले आहेत. भारतीय नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गातील निवती रॉकजवळ समुद्रतळी नेऊन तेथे संग्रहालय व कृत्रिम प्रवाळ उभारण्याचा प्रकल्प महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतला. समुद्र आखाताचा असो वा कोकणाचा, दाबाचे आणि हवेचे गणित तेच राहते. डेक खाली दिसत असताना, हातातील पाटीवरचा आकडा वाचून जो शांतपणे वर वळतो, त्याला तो डेक योग्य प्रशिक्षण घेऊन पुन्हा कधीतरी पाहता येतो.